शिशावाचून उजेड

बेंगळुरूच्या आग्नेय भागात एक रस्ता होसूरकडे जातो आणि दुसरा सर्जापूरकडे. या दोन रस्त्यांच्या दरम्यान वसविलेल्या वसाहतीला त्या रस्त्यांच्याच नावांवरून एचएसआर लेआउट हे नाव पडले. दिवेलागणीच्या वेळी आगर तलावाच्या बाजूने या वसाहतीत शिरणाऱ्याला रस्त्यांवर, दुकानांत आणि सदनिकांच्या खिडक्यांत जो उजेड दिसतो, तो जवळजवळ सगळा एकाच कुळातला असतो. १९०५ साली शिवनसमुद्रच्या जलविद्युत् केंद्रातून आलेल्या विजेवर या शहराचे रस्ते प्रथम उजळले, तेव्हा दिव्याच्या पोटात तापून उजळणारा तंतू होता. आज त्या जागी अर्धसंवाहकाची एक चिमुकली टिकली असते. तिलाच आपण एलईडी म्हणतो.

याच वसाहतीला लागून असलेल्या कोरमंगला भागात सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिशाच्या विषबाधेसंबंधीचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र डॉ. व्यंकटेश थुप्पिल यांच्या नेतृत्वाखाली येथे उभे राहिले. बेंगळुरूच्याच जॉर्ज फाउंडेशनने देशातील मोठ्या शहरांमधील वीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या रक्ताची तपासणी करून १९९९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा वर्षांखालील मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला दहा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले होते. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालते आणि झालेली हानी पुष्कळदा भरून येत नाही. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांस नव्वद भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली.

दिव्यांचा आणि शिशाचा संबंध काय, असे वाचकाला वाटेल. संबंध असा, की गेल्या काही वर्षांत उजेड देणाऱ्या पदार्थांचे जे एक नवे घराणे पुढे आले आहे, त्याचे सर्वांत तेजस्वी सभासद शिशाचेच बनलेले आहेत. पेट्रोलमधून आणि रंगांतून मोठ्या कष्टाने बाहेर काढलेले विष दिव्याच्या वाटेने पुन्हा घरात घ्यावे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. घेऊ नये असे ठरविले, तर शिसे काढताच मंदावणारा तो उजेड परत कसा आणावा, हा पुढचा प्रश्न होय. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

आधी आजच्या दिव्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. पांढऱ्या एलईडीतील टिकली पांढरा प्रकाश देतच नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. ती देते निळा प्रकाश. या निळ्या टिकलीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या जपानी वंशाच्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टिकलीवर एका पिवळ्या पदार्थाचा लेप असतो. तो निळ्या प्रकाशाचा काही भाग गिळून पिवळा प्रकाश बाहेर टाकतो आणि निळे व पिवळे मिळून आपल्या डोळ्याला पांढरे भासते. एक प्रकाश गिळून दुसरा बाहेर टाकण्याच्या या गुणाला आपण दीप्ती म्हणू आणि असा गुण अंगी असलेल्या पदार्थाला दीप्तिपदार्थ. निळ्यापिवळ्याच्या या जोडीत तांबड्याचा अंश कमी पडतो. म्हणून स्वस्त दिव्याखाली माणसाची त्वचा आणि बाजारातले टोमॅटो निस्तेज दिसतात. उणीव भरून काढण्यासाठी दुसरा, तिसरा लेप द्यावा, तर एका लेपाचा प्रकाश दुसराच गिळून टाकतो. सूर्यप्रकाशासारखा भरघोस पांढरा प्रकाश एकाच पदार्थाने द्यावा, ही इच्छा म्हणूनच जुनी आहे.

नव्या घराण्याचे नाव पेरोव्हस्काइट. १८३९ साली गुस्टाव्ह रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने उरल पर्वतातील एका खनिजाला पेरोव्हस्की या रशियन सरदाराचे नाव दिले, त्यावरून ते पडले. पुढे ज्या ज्या पदार्थांतील अणूंची मांडणी त्या खनिजासारखी आढळली, त्या सर्वांना हेच नाव मिळाले. या मांडणीत एका धातूच्या अणूभोवती सहा अणू बसतात आणि आठ पृष्ठांची एक आकृती तयार होते. तिला अष्टफलक म्हणतात. अशी अष्टफलके कोपऱ्याला कोपरा जोडून तिन्ही दिशांना पसरतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत सीझियमसारखा एखादा मोठा अणू विसावतो. अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन असले, की तो हॅलाइड पेरोव्हस्काइट झाला. सीझियम, शिसे व हॅलोजन यांच्या अशा स्फटिकांची रचना मोलर या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५८ सालीच उलगडली होती. परंतु पुढली पन्नास वर्षे त्यांच्याकडे फारसे कोणी वळले नाही. २००९ साली जपानमध्ये त्यांचा सौरघटात उपयोग झाला, २०१४ साली केंब्रिजमध्ये सामान्य तापमानाला उजळणारे त्यांचे दिवे तयार झाले आणि २०१५ साली झुरिकमध्ये त्यांचे अतिसूक्ष्म स्फटिक बनविण्यात आले. क्लोरीनऐवजी ब्रोमीन, ब्रोमीनऐवजी आयोडीन घालत गेले, की त्यांचा रंग जांभळ्या-निळ्यापासून हिरव्यातून तांबड्यापर्यंत हवा तसा बदलतो.

शिशाच्या या स्फटिकांचा मोठा गुण म्हणजे ते दोष पचवितात. कोणताही स्फटिक निर्दोष नसतो. कोठे एखादा अणू गळालेला असतो, कोठे भलताच येऊन बसलेला असतो. सामान्य अर्धसंवाहकात अशी जागा खळग्यासारखी वागते. प्रकाश गिळून वर चढलेला इलेक्ट्रॉन त्या खळग्यात पडतो आणि त्याची ऊर्जा उजेडाऐवजी उष्णतेत जिरते. शिशाच्या स्फटिकात मात्र, शिशाच्या बाह्य इलेक्ट्रॉनांच्या विशिष्ट ठेवणीमुळे, हे खळगे इतके उथळ राहतात की इलेक्ट्रॉन त्यांत अडकत नाही. म्हणून साध्या द्रावणातून, विशेष शुद्धतेचा आग्रह न धरता बनविलेले स्फटिकही लख्ख उजळतात.

मग दिव्यात असे शिसे असते तरी किती, असा आक्षेप घेतला जातो. मोटारीच्या बॅटरीत ते किलोंच्या मापाने असते आणि ती आपण चालवून घेतोच, असेही म्हटले जाते. आक्षेप अगदी पोकळ नाही; परंतु प्रश्न केवळ वजनाचा नाही. या स्फटिकांतील शिसे पाण्यात विरघळण्याजोगे असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा पेरोव्हस्काइटमधून मातीत उतरलेले शिसे पुदिन्याच्या रोपांनी, मातीत आधीच असलेल्या इतर शिशाच्या तुलनेत, सुमारे दहापट सहजतेने शोषून घेतले. जुनी बॅटरी विकत घेणारा कोणीतरी असतो. फुटलेल्या दिव्याला गिऱ्हाईक नसते, तो उकिरड्यावर जातो. प्रस्तुत लेखकास हा दुसरा मुद्दा पहिल्याहून अधिक वजनदार वाटतो. कायद्याची मर्यादाही येथे आड येतेच : आपल्याकडील ई-कचऱ्याच्या नियमांनुसार विद्युत् उपकरणातील कोणत्याही एकजिनसी पदार्थात शिशाचे प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक चालत नाही, आणि या स्फटिकांत तर ते कित्येक टक्के असते.

शिशाच्या जागी दुसरे काय बसवावे? पहिला विचार कथिलाचा. आवर्त सारणीत ते शिशाच्या नेमके वरच्या घरात आहे. परंतु कथिल हवेत टिकत नाही. ते आणखी दोन इलेक्ट्रॉन गमावून बसते आणि स्फटिक ढासळतो. तेव्हा संशोधकांनी हिशेबाची एक युक्ती योजिली. शिशाच्या प्रत्येक आयनावर दोन धन भार असतात. शेजारशेजारच्या दोन शिशांचे मिळून चार. तेच चार भार एक आणि तीन अशा वाटणीनेही भरता येतात : एका घरात चांदी, तिच्या शेजारच्या घरात बिस्मथ किंवा इंडियम. अशा स्फटिकाला दुहेरी पेरोव्हस्काइट म्हणतात. २०१६ साली चांदी आणि बिस्मथ यांचा ब्रोमाइड पुढे आला. पण त्याच्यात इलेक्ट्रॉनला खाली उतरण्यासाठी जालकाच्या कंपनांची मदत घ्यावी लागते, त्यामुळे तो उजळण्यात मंद निघाला. २०१७ साली चांदी आणि इंडियम यांचा क्लोराइड आला. येथे ती अडचण नव्हती. हवेत, उजेडात तो टिकून राहत होता आणि सर्व लक्षणे शुभ होती. तरीही तो उजळेना! गिळलेल्या प्रकाशकणांपैकी परत येणारे ०.१ टक्क्याहूनही कमी. म्हणजे हजार घेतले तर एकही धड परत मिळत नाही.

या मंदपणाचे कारण दोषांत नव्हते, ते स्फटिकाच्या नीटसपणात होते. हे समजण्यासाठी तबल्याचे उदाहरण घेऊ. भारतीय चर्मवाद्यांचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आधी कलकत्त्यास आणि पुढे बेंगळुरूस केला होता. पुडीची अनेक प्रकारची कंपने असतात. त्यांपैकी काहींत पुडीचा एक अर्धा भाग वर जातो तेव्हा दुसरा खाली जातो. पुडीच्या अगदी मध्यावर आघात केला, तर ही कंपने जागीच होत नाहीत, कारण मध्यावरचा आघात दोन्ही बाजूंना सारखाच लेखतो. बोट किंचित बाजूला सरकविले, की तीच कंपने बोलू लागतात. चांदी-इंडियमच्या स्फटिकात हेच घडते. इलेक्ट्रॉनची वरची अवस्था आणि खालची अवस्था या दोन्ही अष्टफलकाच्या मध्यबिंदूभोवती सारख्याच रीतीने सममित असतात. प्रकाशकण बाहेर टाकायचा, तर या दोन अवस्थांची सममिती परस्परांहून भिन्न असली पाहिजे, असा निसर्गाचा नियम आहे. दोन्ही सारख्या असल्यामुळे उतरण्याचा हा मार्ग निषिद्ध ठरतो. इलेक्ट्रॉन वर ताटकळत राहतो आणि अखेर एखाद्या खळग्यात पडून आपली ऊर्जा उष्णतेत घालवितो.

उपाय तबल्यासारखाच : सममिती बिघडवावी. चीनमधील वूहान येथील ह्वाचोंग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१८ साली तो अमलात आणून दाखविला. त्यांनी शंभरांपैकी चाळीस घरांतील चांदी काढून तेथे सोडियम बसविले. सोडियमचा भार चांदीइतकाच, एक. आकारातही तो खपून जातो. परंतु वर चढलेला इलेक्ट्रॉन सोडियमच्या घरात पाय ठेवीत नाही. त्यामुळे तो चांदीच्या अष्टफलकाच्या आसपासच कोंडला जातो, अवस्थांची मूळची सममिती ढळते आणि बंद असलेला मार्ग मोकळा होतो. सोन्यात हीण मिसळल्याने सोन्याचा कस उतरतो. येथे मात्र चांदीत मिसळलेल्या या हिणाने स्फटिकाचा कस वाढला. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. सोडियम चाळिसाच्या पुढे वाढवीत नेले, की उजेड पुन्हा घसरू लागतो.

कोंडल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनाची गोष्ट येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण पांढऱ्या रंगाचे रहस्य तिच्यात आहे. इलेक्ट्रॉन वर गेला, की त्याच्यामागे एक रिकामी जागा उरते. तिला छिद्र म्हणतात. ऋण इलेक्ट्रॉन आणि धन छिद्र परस्परांकडे ओढले जाऊन त्यांची जोडी बनते. हॅलाइडचा स्फटिक मऊ असतो. कापसाच्या गादीवर माणूस बसला, की गादी दबते आणि त्या खोलगटात तो आणखी रुततो; तशी ही जोडी आपल्या भोवतीचे अष्टफलक वाकवून स्वतःच केलेल्या खळीत रुतते. रुतताना काही ऊर्जा खर्ची पडते, म्हणून बाहेर येणारा प्रकाश गिळलेल्या प्रकाशाहून पुष्कळ कमी ऊर्जेचा असतो. शिवाय खळी स्थिर नसते, ती हिंदकळत राहते. त्यामुळे प्रकाशकण एकाच रंगाचे न निघता सुमारे ४०० ते ८०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जांभळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत पसरतात. एकाच पदार्थातून उबदार पांढरा प्रकाश मिळतो, तो असा.

एवढ्यावर काम संपले नव्हते. सोडियमने मार्ग मोकळा केला तरी खळगे शिल्लक होतेच. ते कमी करण्यासाठी वूहानच्या संशोधकांनी बिस्मथ घातले, आणि तेही किती? ०.०४ टक्का, दहा हजार घरांत चार. स्फटिक अधिक निर्दोष वाढू लागला, आणि जो प्रकाश तो आधी नीट गिळीत नव्हता तोही गिळू लागला. गिळलेल्या शंभर प्रकाशकणांमागे परत येणाऱ्यांची संख्या सुमारे ८६ वर गेली. एका दशांश टक्क्याखालून शहाऐंशी टक्क्यांवर! जंबुपार टिकलीवर या पदार्थाचा लेप देऊन केलेला दिवा हजार तासांहून अधिक काळ जळला आणि त्याच्या तेजात नाव घेण्याजोगी घट झाली नाही.

भाषांतर करणाऱ्याला येथे एक अडचण भेडसावते. असा परका अणू मुद्दाम घालण्याच्या क्रियेला मराठीत काय म्हणावे? परिभाषेच्या पुस्तकांत अशुद्धी, अपद्रव्य असे शब्द सापडतात. बोलीत भेसळ हा शब्द तयार आहे. पण भेसळ म्हटले की दुधात पाणी घालणारा गवळी डोळ्यांपुढे येतो. त्यापेक्षा घरातला विरजण हा शब्द या क्रियेच्या अधिक जवळचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे : चमचाभर विरजण पातेलेभर दुधाचा स्वभाव पालटते, आणि ते किती घालावे व केव्हा घालावे याला महत्त्व असते.

परक्या अणूंना कमी लेखण्याची चूक मोठ्यांच्याही हातून झालेली आहे. रामन यांनी बेंगळुरूस १९४० नंतरच्या वर्षांत हिऱ्यांच्या दीप्तीचा कसून अभ्यास केला. जंबुपार किरणांखाली काही हिरे निळे उजळतात, काही उजळत नाहीत. या दीप्तीचे मूळ हिऱ्याच्या रचनेतच आहे, परक्या अणूंत नाही, असे रामन यांचे प्रतिपादन होते. आज आपल्याला माहीत आहे, की ती निळाई हिऱ्यात शिरलेल्या नायट्रोजनाची आहे.

बेंगळुरूचा हा वारसा पुढे महाराष्ट्रात आला. भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. डी. डी. सर्मा यांच्या हाताखाली अंशुमान नाग यांनी संशोधन केले. मँगनीजचे विरजण लावलेल्या कॅडमियम सल्फाइडच्या सूक्ष्म स्फटिकांतून पांढरा प्रकाश मिळविण्याची रीत या दोघांनी २००७ साली मांडली होती. रीत नामी होती. पण कॅडमियम हे शिशाहूनही वाईट, ई-कचऱ्याच्या नियमांत त्याची मर्यादा शिशाच्या दहाव्या हिश्शाइतकीच आहे. पुढे नाग पुण्यास पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये आले. तेथे त्यांच्या गटाने २०१८ साली चांदी-इंडियमच्या क्लोराइडला मँगनीजचे विरजण लावले. स्फटिक नारिंगी-तांबडा उजळला. दीप्तीचे प्रमाण मात्र तीन ते पाच टक्क्यांच्या पुढे गेले नाही.

त्यांचे २०२० सालचे काम अधिक लक्षणीय आहे. त्यात एर्बियम आणि बिस्मथ ही दोन विरजणे एकदमच लावली होती. एर्बियम १५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश देते. काचतंतूंतून जाणाऱ्या दूरध्वनीच्या आणि संगणकांच्या संदेशांना हीच तरंगलांबी मानवते, कारण काचेत तिचा ऱ्हास सर्वांत कमी होतो. परंतु एर्बियम स्वतः प्रकाश गिळण्यात अगदी दुबळे आहे आणि यजमान स्फटिकाला केवळ प्रखर जंबुपार प्रकाशच चालतो. बिस्मथने सुमारे ३७० नॅनोमीटरपाशी एक नवे दार उघडले. बाजारात सहज मिळणाऱ्या जंबुपार टिकल्यांचा प्रकाश या दाराने आत येतो, बिस्मथ तो घेते आणि एर्बियमच्या हवाली करते. बिस्मथ नसलेल्या स्फटिकाच्या मानाने दीप्ती सुमारे ४५ पट वाढली. एर्बियमच्या जागी यटर्बियम घातले, तेव्हा ९९४ नॅनोमीटरला सुमारे २७ पट वाढ मिळाली.

एवढे सगळे असूनही एचएसआर लेआउटमधील दिव्यांत हे स्फटिक अजून आलेले नाहीत, त्याची कारणे आहेत. इंडियम दुर्मीळ आहे आणि दूरदर्शनच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यांसाठी त्याला आधीच मोठी मागणी आहे. चांदीचा भाव सांगायलाच नको. शिवाय हे स्फटिक जंबुपार प्रकाश मागतात, आणि जंबुपार टिकली आजच्या निळ्या टिकलीइतकी स्वस्त व काटकसरी नाही. निळ्या प्रकाशावर चालणारा, शिसे नसलेला आणि तितकाच तेजस्वी असा पेरोव्हस्काइट ज्याला सापडेल, त्याचे नाव होईल.

सर्वांत अवघड गाठ मात्र वेगळीच आहे. आतापर्यंत ज्या उजेडाची चर्चा केली तो उसना होता. एक प्रकाश घालून दुसरा मिळविलेला. स्फटिकातून थेट वीज सोडून त्याला उजळवावयाचे, तर इलेक्ट्रॉन आणि छिद्रे त्याच्यातून सुखाने वाहत यावी लागतात. शिशाच्या पेरोव्हस्काइटांनी या कसोटीत २०१८ सालीच वीस टक्क्यांच्या वरची कार्यक्षमता गाठली. दुहेरी पेरोव्हस्काइट तेथे फारच मागे आहेत, आणि त्याचे कारण त्यांच्या गुणातच दडले आहे. सोडियमने इलेक्ट्रॉनला कोंडले म्हणून तो उजळू लागला. पण कोंडलेला इलेक्ट्रॉन वीज कशी वाहून नेणार? तांबे आणि आयोडीन यांच्या संयुगांचा मार्गही चोखाळला जात आहे. सीझियम-तांबे-आयोडाइडची निळी दीप्ती २०१८ साली जपानमध्ये सुमारे नव्वद टक्के भरली. काटेकोर अर्थाने तो पेरोव्हस्काइट नव्हे, आणि कोंडमाऱ्याची अडचण तेथेही आहेच.

तोवर या स्फटिकांनी आणखी एक काम पत्करले आहे. बाहेर येणारा प्रकाश गिळलेल्या प्रकाशाहून पुष्कळ कमी ऊर्जेचा असल्यामुळे ते स्वतःचाच उजेड पुन्हा गिळून टाकीत नाहीत. म्हणून त्यांची जाड वडी केली तरी आतला उजेड बाहेर पोचतो. क्ष-किरण अडवून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करणाऱ्या पडद्याला नेमका हाच गुण लागतो. सोडियम व बिस्मथ घातलेल्या याच चांदी-इंडियम क्लोराइडचे असे पडदे २०२० साली प्रयोगशाळेत करून पाहण्यात आले, आणि क्ष-किरणांची मात्रा कमी ठेवूनही त्यांवर चित्र उमटले.